कोणाचा डावा?

निनावे मॅडमच्या वर्गात 'इथं' म्हणायची सोय नव्हती. 'तिथं', 'वर', 'खाली', 'या बाजूला' हे शब्दही त्यांनी पहिल्याच दिवशी वर्गाबाहेर काढले.

"पेशंटनं 'इथी दुखते' म्हटलं तर त्याले माफ आहे," त्या म्हणाल्या. "तो शिकला नाही. तुम्ही शिकून राहिल्या. तुमच्या तोंडून 'इथी' आलं का मी समजतो, हिले काही दिसून नाही राहिलं."

आम्ही तीस जणी होतो, नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या. मी कोराडीची, वडील वीज केंद्रात. नागपुरात होस्टेलवर राहत होते. कुसुम निनावे मॅडम उमरेडच्या, विणकरांच्या घरातल्या. बुटक्या, सावळ्या, आवाज इतका हळू की मागच्या बाकावरच्या मुली पुढे वाकून बसायच्या. आमच्याकडच्या जुन्या बायकांसारखं त्या 'मी जातो, मी सांगतो' असंच बोलायच्या, आणि इतकी वर्षं डॉक्टरांत राहूनही त्यांनी ते बदललं नव्हतं. तीन दिवस त्या आम्हाला शरीररचना शिकवत, उरलेले तीन दिवस आमच्या शाळेला जोडलेल्या हॉस्पिटलचं ऑपरेशन थिएटर सांभाळत.

त्या पहिल्या दिवशी त्यांनी मला आणि पल्लवीला पुढे बोलावून समोरासमोर उभं केलं.

"हिचा डावा खांदा दाखव," त्या मला म्हणाल्या.

मी बोट लावलं. मॅडम काही बोलल्या नाहीत. ही त्यांची रीत होती. चूक झाली की गप्प बसायचं आणि समोरच्याकडे बघत राहायचं.

"हा कोणाचा डावा?"

"हिचा, मॅडम."

"हिचा का तुया? पल्लवी, डावा हात वर कर वं."

पल्लवीने दुसराच हात वर केला. वर्ग खदखदून हसला. मॅडम हसल्या नाहीत.

"हासू नका. आत्ता हिनं चांगल्या खांद्याले चिरा देला."

पुढची दहा मिनिटं सगळा वर्ग उभा होता. पाय जुळलेले, नजर समोर, हात बाजूला आणि तळवे पुढे. शरीराबद्दल जे काही बोलायचं ते माणूस असा उभा आहे असं धरूनच बोलायचं, हे त्यांनी आमच्या पोटऱ्या दुखेपर्यंत आमच्यात मुरवलं. पेशंट पालथा असो, कुशीवर असो, टेबलावर डोकं खाली करून ठेवलेला असो, डोक्याकडचं ते सुपीरियर आणि पायाकडचं ते इन्फिरियर. पोटाकडून अँटिरियर, पाठीकडून पोस्टिरियर. कपाळापासून बेंबीतून खाली एक रेघ ओढली तर तिच्याजवळचं मिडियल, तिच्यापासून दूरचं लॅटरल. हातापायांत धडाजवळचं प्रॉक्झिमल, लांबचं डिस्टल. आणि डावं म्हणजे पेशंटचं डावं. तुमचं नाही, डॉक्टरचं नाही, भिंतीचं नाही.

रोज एक मुलगी डोळे मिटून उभी राहायची. दुसरीने तिच्या अंगावरचा एक तीळ नुसत्या शब्दांनी सांगायचा आणि डोळे मिटलेलीने त्यावर बरोबर बोट ठेवायचं. "उजवा हात, कोपराच्या डिस्टल दोन बोटं, अँटिरियर, मिडियल बाजूला." बोट चुकलं तर दोघी उभ्या. हे सांगायला गमतीचं वाटतं, पण सकाळी त्या वर्गात शिरायच्या आधी मी जिन्यातच हे शब्द पुटपुटून घ्यायचे.

पहिल्या चाचणीत मी सगळा पेपर बरोबर लिहिला आणि एका ठिकाणी उजव्याऐवजी डावं लिहिलं. शून्य मिळालं. धीर करून विचारायला गेले, "मॅडम, बाकी सगळं तर बरोबर आहे."

"चुकीच्या बाजूचं ऑपरेशन किती टक्के बरोबर असते, सांग मले."

मी रडत खोलीवर आले.

वर्गाबाहेरही त्या अशाच. मनीषनगरच्या घरी जाताना ऑटोवाल्याने "डावीकडे घेऊ का?" विचारलं, तर "तुया डावीकडे" असं सांगत. फोनवर कुणाला पत्ता सांगायचा तर आधी त्याला कुठे तोंड करून उभं राहायचं ते सांगायच्या. लोक कंटाळून "मॅडम, लोकेशन पाठवा" म्हणायचे. त्या पाठवायच्या नाहीत.

या सगळ्याचा आम्हाला पहिल्यांदा उपयोग कळला तो पल्लवीच्या पोटदुखीत. एका रविवारी सकाळपासून तिच्या बेंबीभोवती दुखत होतं. आम्ही ओवा दिला, पोट शेकायची पिशवी शोधायला लागलो. दुपारी ती पांढरी पडली. कुणीतरी घाबरून मॅडमना फोन केला. मी तो स्पीकरवर धरला होता.

"पोट दुखते म्हणू नका. पोटात नऊ घरं शिकवली तुम्हाले. कोणत्या घरात?"

पल्लवीने कुशीवर वळत बेंबीकडे हात नेला.

"तिले म्हणा, पंजा नाही. एका बोटानं दाखव."

तिचं बोट बेंबीपासून खाली सरकत उजव्या बाजूला थांबलं. मी सांगितलं, "उजवा इलियाक भाग, मॅडम. सकाळी बेंबीत होतं, आता इकडे..." आणि जीभ चावली.

त्या रागावल्या नाहीत. "शेकू नका. खायले देऊ नका. पाणीही नको. ऑटो करा, मी निघाली."

अपेंडिक्स होता. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांनी सांगितलं, अजून अर्धा दिवस गेला असता तर फुटला असता. मॅडम थिएटरबाहेर स्टुलावर बसून होत्या. पल्लवीची आई बसने आली आणि त्यांच्या पाया पडायला वाकली, तर त्या चटकन उठून बाजूला झाल्या. मला ते तेव्हा जरा उद्धटपणाचं वाटलं. एवढ्या लांबून आलेल्या बाईचा नमस्कार तरी घ्यावा.

तिसऱ्या वर्षी माझी ड्यूटी थिएटरला लागली, आणि जे मी विसरू शकत नाही ते तिथे घडलं.

काटोलकडची एक चाळिशीची बाई होती. तिचं एक मूत्रपिंड निकामी होऊन पुवाने भरलं होतं, ते काढायचं होतं. दुसरं चांगलं होतं, आणि यापुढे तेवढ्यावरच तिला जगायचं होतं. सर्जन डॉ. मुळ्ये. हात चांगला, जीभ तिखट. बाईला भूल दिलेली, कुशीवर वळवलेली, डावी बाजू वर. हिरव्या कापडांतून वीतभर चौकोन उघडा, बाकी माणूस दिसतच नव्हतं. सुरक्षेच्या तपासणीचा कागद फाइलला होता, पण त्यावरच्या टिका वॉर्डातच कुणीतरी मारून ठेवल्या होत्या. मॅडम त्या टिकांवर विसंबत नसत. हातमोजे घालून त्या हत्यारांच्या ट्रेपाशी उभ्या राहिल्या आणि नेहमीसारखं मला म्हणाल्या, "वाच."

मी नाव वाचलं, वय वाचलं. मग संमतीपत्र. "...माझे उजवे मूत्रपिंड काढून टाकण्यास..."

माझा आवाज तिथेच थांबला.

"क्लेरिकल मिस्टेक," डॉ. मुळ्ये म्हणाले. "डावंच आहे. मी तपासलंय. नाइफ."

त्यांचा हात पुढे आला. मॅडमचा हात हलला नाही.

"सर, सीटीचा रिपोर्ट पाहू."

"मी पाहिलाय."

"म्या नाही पाहिला."

"सिस्टर, पेशंट भुलीखाली आहे. एकेक मिनिट तिच्या अंगावर चाललंय. तुम्हाला कळतंय ना?"

"हो, सर."

"मग द्या."

"नाही देत."

थिएटरमध्ये आम्ही सहा माणसं होतो. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मॅडमचा आवाज रोजच्याइतकाच हळू होता. मान न वळवता त्या मला म्हणाल्या, "पळ."

रिपोर्ट आणि फिल्मा बाईच्या नवऱ्याच्या पिशवीत होत्या. तो वॉर्डात नव्हता, जिन्यात नव्हता. तीन मजले उतरले तेव्हा औषधाच्या दुकानासमोरच्या रांगेत सापडला. मला बघताच त्याने विचारलं, "काय झालं? गेली का?" मी नुसतीच मान हलवत त्याच्या हातातलं पाकीट ओढलं. वर येईपर्यंत वीस मिनिटं गेली होती. भूलतज्ज्ञांनी रिपोर्ट मोठ्याने वाचला. निकामी मूत्रपिंड डावं होतं.

डॉक्टर बरोबर होते. वॉर्डातल्या नव्या डॉक्टरने पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून संमतीपत्र भरलं होतं आणि स्वतःच्या हाताकडची बाजू लिहिली होती.

मॅडमनी मूठ पुढे करून चाकू दिला. पुढचे अडीच तास त्यांच्या हातून एकही हत्यार मागेपुढे झालं नाही. बाई बरी होऊन घरी गेली. पण त्या दुपारी कॉरिडॉरमध्ये, नातेवाइकांच्या देखत, डॉ. मुळ्ये त्यांना म्हणाले, "तुमच्या हट्टापायी एका आजारी बाईला वीस मिनिटं जास्त भूल मिळाली. तुम्हाला पेशंटची काळजी नाही, स्वतःच्या हुशारीची आहे." दुसऱ्या दिवशी ऑफिसचं पत्र आलं. पुढील सूचनेपर्यंत निनावे सिस्टरना थिएटरमध्ये काम नाही.

दोन दिवसांनी त्या मला शाळेच्या सामानाच्या खोलीत भेटल्या. प्रात्यक्षिकाच्या हाडांची पेटी उघडून डावी हाडं, उजवी हाडं वेगळी करत बसल्या होत्या. मी समोर बसले आणि म्हणाले, "मॅडम, डॉक्टर बरोबर होते, तरी तुम्हाला..."

"बरोबर होते ते आपल्याले मंग समजलं. चाकू मांगतला तेव्हा कोणाले माहीत होतं?"

मग त्या हातातलं मांडीचं हाड उलटसुलट करत राहिल्या. आणि एकदम सांगायला लागल्या.

त्या बावीस वर्षांच्या होत्या, नोकरीला लागून चार महिने झालेले. त्यांच्याच गावचा, उमरेडचा, तुळशीराम धकाते नावाचा तरुण विणकर हर्नियाच्या ऑपरेशनला आला होता. डाव्या जांघेतला हर्निया. ऑपरेशनची जागा साफ करून औषध लावून ठेवायचं काम मॅडमचं होतं. त्या टेबलाच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी स्वतःच्या डाव्या हाताकडची बाजू रंगवली. सर्जन घाईत आले. "कुठं?" त्यांनी विचारलं.

"म्या म्हटलं, इथी."

सर्जननी तिथे कापलं. आत हर्निया नव्हता. त्यांनी मान वर करून एकदा मॅडमकडे बघितलं. मग म्हणाले, दोन्हीकडे करून टाकू. उजवीकडे तशीच टाके घालून शिवण मारली, डावीकडे खरं ऑपरेशन केलं. फाइलवर लिहिलं, बायलॅटरल, म्हणजे दोन्ही बाजूंचा. घरच्यांना सांगितलं, दोन्हीकडे निघाला, एकाच खेपेत काम झालं.

"मी तिथी उभी होती. काही बोलली नाही."

"मॅडम, तुम्ही नव्या होत्या."

"तोंड तर होतं ना." त्यांनी हाड पेटीत ठेवलं. "अन् तो माणूस मले उमरेडले दिसला का हात जोडते. लोकांना सांगते, या सिस्टरबाईनं माया दोन्ही बाजू दुरुस्त केल्या. दहा पेशंट पाठवले त्यानं मायाकडे. मागच्या दिवाळीत बसस्टँडवर भेटला. म्हणे, उजव्या जांघेत जळजळते, बाई, लई वर्षांपासून. मागावर बसून बसून झालं असंन. मले समजलं. त्या शिवणीत नस सापडली असंन. म्या म्हटलं, हो, मागामुळंच असंन."

त्या दिवशी पल्लवीच्या आईचा नमस्कार त्यांनी का घेतला नव्हता, हे मला कळलं.

चार महिन्यांनी त्यांना थिएटरला परत बोलावलं, कारण त्यांच्याशिवाय तिथलं चालत नव्हतं. पहिल्याच केसला डॉ. मुळ्ये होते. त्यांनी मॅडमकडे बघितलं नाही, पण हात पुढे करायच्या आधी छताकडे बघत म्हणाले, "वाचा फाइल." पुढे ते रोजचंच झालं. मी दुसऱ्या एका हॉस्पिटलात थिएटरला लागले. तिथे आजवर मी तीनदा सर्जनना थांबवलं आहे. दोनदा मी चुकले. एकदा नाही.

मॅडम निवृत्त झाल्यावर काही महिन्यांनी त्यांचा फोन आला. "उद्या सुटी आहे का तुले? उमरेडले ये माया संग. एकटीनं जाववत नाही."

सकाळच्या एसटीत त्या खिडकीशी बसल्या होत्या. विणकरांच्या गल्लीत बहुतेक घरांतले माग बंद झालेले, पण धकात्यांच्या घरातून आवाज येत होता. तुळशीराम धकाते आता सत्तरीला टेकलेले, बारीक, चष्मा दोऱ्याने बांधलेला. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून मागावर बसले होते. मॅडमना बघताच धोटा ठेवून त्यांनी दोन्ही हात जोडले.

"या, सिस्टरबाई. बसा. चहा ठेव वं," त्यांनी आत बायकोला सांगितलं.

मॅडम बसल्या नाहीत. उभ्या राहूनच सगळं सांगितलं. कुठे उभ्या होत्या, कोणती बाजू रंगवली, काय म्हणाल्या, फाइलवर काय लिहिलं गेलं. एकही शब्द मऊ केला नाही, सर्जनवर काही ढकललं नाही. "चूक माई होती. अन् नंतर गप्प बसली, तेही म्याच."

धकाते ऐकत होते. त्यांचा हात नकळत उजव्या जांघेवर गेला.

"मंग हे जळते ते मागाचं नोहे?"

"नाही."

त्यांची बायको चहाचे कप घेऊन दारात थांबली होती. तिला पुढे यावं की नाही कळत नव्हतं. धकात्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"चूक होते माणसाची," ते म्हणाले. "पोरगी होत्या तुम्ही. पण मी इतके वर्ष तुम्हाले नमस्कार करून राहिलो होतो. तो तुम्ही काहून घेतला?"

धकात्यांनी धोटा उचलला आणि माग सुरू केला. त्या आवाजात आम्ही बाहेर पडलो. चहा तसाच राहिला.

स्टँडवर नागपूरची बस लागलेली होती. मी चढून जागा धरली. मॅडम पायरीवर एक पाय ठेवून थांबल्या. मागचे लोक ओरडायला लागले, कंडक्टर म्हणाला, "बाई, चढता का उतरता?" त्या उतरल्या.

"तू जाय," त्या खालून म्हणाल्या. "त्यानं विचारलं त्याचं उत्तर देल्याबिगर कशी येऊ मी?"

संध्याकाळी मी फोन केला. काय झालं, विचारलं.

"सांगतलं त्याले. चांगलं वाटत होतं, म्हणून घेतला. खरं तेच सांगतलं. तो काही बोलला नाही. मी बसली होती चार वाजेपर्यंत. मंग गाडी भेटली."

मॅडम पुढच्या उन्हाळ्यात गेल्या. हृदयाचा झटका, घरीच. त्याआधी, उमरेडच्या त्या दिवसानंतर, मी त्यांना एकदाच पाहिलं, आमच्या हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये. दुखणाऱ्या नसेवर इंजेक्शन देणारे एक डॉक्टर आमच्याकडे आठवड्यातून एकदा येतात, त्यांच्या खोलीबाहेर. बाकाच्या एका टोकाला धकाते बसले होते, दुसऱ्या टोकाला मॅडम, मध्ये दोन माणसांची रिकामी जागा. उमरेडहून धकात्यांना घेऊन यायची मॅडमची ही तिसरी खेप होती, असं नोंदणीच्या खिडकीवरच्या मुलीने मला सांगितलं.

मी पुढे जाणार तेवढ्यात आतून धकात्यांच्या नावाचा पुकारा झाला. मॅडम उठायला लागल्या. धकात्यांनी हाताने त्यांना बसा अशी खूण केली. मग ते स्वतः हळूहळू उठले, दोन पावलं त्यांच्याकडे गेले, खांद्यावरची कापडी पिशवी काढली आणि त्यांच्या मांडीवर ठेवून आत गेले.

मॅडमनी ती दोन्ही हातांनी धरली. मी त्यांना हाक मारली नाही.